पास्त्याचे पाणी ओतून देऊ नये

पास्ता या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ मळलेले पीठ. कठीण गव्हाचा रवा पाण्यात मळायचा, साच्यातून दाबून आकार द्यायचा, वाळवायचा आणि लागेल तेव्हा मिठाच्या पाण्यात उकळून दोन-चार जिनसांत घोळायचा, एवढाच त्याचा पसारा. मिरा रोड आणि भाईंदरमध्ये मात्र पास्ता म्हटले की तीन रंग आठवतात: रेड, व्हाइट आणि पिंक. हातगाडीवर, कॅफेत, वाढदिवसाच्या जेवणात हेच तीन रंग भेटतात आणि त्यांच्यावरून घराघरांत एक मत पक्के झाले आहे. खरा इटालियन पास्ता घरी जमत नाही. त्याला बाहेरून आलेले महागडे सामान लागते. तो मैद्याचा असतो. तो सपक असतो, म्हणून तयार सॉस, मलई आणि चीज घातल्याशिवाय मुले तोंड लावत नाहीत. या मतातले एकही वाक्य तपासणीला टिकत नाही, आणि ते टिकत नाही याची साक्ष याच शहरातल्या स्वयंपाकघरांत आहे.

तपासणीसाठी एकच पदार्थ समोर ठेवणे बरे: स्पगेटी आल पोमोदोरो, म्हणजे टोमॅटोतली स्पगेटी. नेपल्स आणि दक्षिण इटलीतल्या साध्या घरांचा हा रोजचा पदार्थ. त्यात स्पगेटी, टोमॅटो, तेल, लसूण, मीठ आणि बेझिलची चार पाने लागतात. सातवी वस्तू म्हणून वर थोडे किसलेले चीज चालते, नसले तरी पदार्थ पुरा असतो. श्रीमंत जेवणाचा हा प्रकार कधीच नव्हता.

मैद्याचा आरोप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत लवकर निकालात निघतो, कारण त्याचे उत्तर पाकिटाच्या मागेच छापलेले असते. घटकांत ‘ड्यूरम व्हीट सेमोलिना’ असेल तर तो ड्यूरम गव्हाच्या रव्याचा पास्ता, ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ असेल तर मैद्याचा. इटलीत १९६७ च्या ५८० क्रमांकाच्या कायद्याने वाळवलेला पास्ता ड्यूरमच्या रव्याचाच असावा असे बंधन घातले, मऊ गव्हाचे पीठ त्यात फार तर ३ टक्के खपते. म्हणजे ज्या मैद्यासाठी पास्त्याला नावे ठेवली जातात, तो मैदा अस्सल वाळवलेल्या पास्त्यात मुळात बसतच नाही. दोष स्वस्त नकलेचा आहे आणि तिच्यासाठी मूळ पदार्थाला बोल लावणे अन्यायाचे आहे.

ड्यूरम महाराष्ट्राला परकाही नाही. इथे त्याचे नाव बन्सी. बन्सी रव्याचा उपमा मोकळा होतो, चिकट होत नाही, हे ज्यांनी तो केला आहे त्यांना ठाऊक असते. पास्त्याला हाच गुण लागतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ड्यूरमचे ‘एमएसीएस’ वाण तयार केले आहेत. भाईंदरच्या गुजराती कुटुंबांना भाल प्रदेशाचा भालिया गहू माहीत असतो. तोही ड्यूरमच, आणि त्याला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सांगली, सातारा, कोल्हापूरकडचा खपली गहू तर इटलीत फार्रो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गव्हाचाच भाऊ आहे, आणि तिथे फार्रोचाही पास्ता करतात.

ड्यूरमचा दाणा काचेसारखा टणक असतो आणि त्यात प्रथिने भरपूर असतात. मळलेला रवा साच्यातून दाबून काढला की प्रथिनांची घट्ट वीण तयार होते आणि पिठाचा स्टार्च तिच्यात कोंडला जातो. त्यामुळे शिजल्यावरही दाताखाली पीळ राहतो. त्याच पिठाच्या पावापेक्षा पास्ता सावकाश पचतो, तोही या विणीमुळेच. पास्ता म्हणजे पथ्याचे अन्न असा याचा अर्थ नव्हे. इटलीत एका माणसाला कोरडी ८० ग्रॅम स्पगेटी पुरेशी मानतात. खोलगट थाळीत शिगोशीग भरून वर चीजचा थर दिला तर कोणतेही अन्न जड होईल.

परकेपणाचा मुद्दाही इथेच सुटतो. उन्हाळ्यात गच्चीवर पाटाच्या शेवया काठीवर वाळत घालण्याचे काम महाराष्ट्राच्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावात डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या वाऱ्यावर पास्ता असाच लांब काठ्यांवर वाळवत. उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील सुकतात तेही समुद्राच्या वाऱ्यावर. अल्‌-इद्रिसी या अरब भूगोलकाराने ११५४ मध्ये सिसिलीतल्या त्राबिया गावाविषयी लिहून ठेवले आहे की तिथे वाळवलेल्या शेवयांसारखा पदार्थ मोठ्या प्रमाणावर तयार होतो आणि जहाजांनी दूरवर जातो. वाळवण करून वर्षभर पुरवणाऱ्यांचा हा पदार्थ आहे. टोमॅटो तर त्याला फार उशिरा भेटला, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. टोमॅटो आणि मिरची दोन्ही अमेरिकेतून आली, इटलीला जशी बाहेरून तशीच कोकण किनाऱ्यालाही.

आता सपकपणा. हा आरोप खोटा नाही, पण तो चुकीच्या गुन्हेगारावर ठेवला जातो. घरचा पास्ता सपक लागतो कारण तो अळणी पाण्यात शिजवलेला असतो. शिजताना आत न गेलेले मीठ नंतर सॉसमध्ये कितीही घातले तरी बाहेरच राहते. मग ती उणीव भरून काढायला ओरेगॅनोच्या पुड्या, चिली फ्लेक्स, टोमॅटो केचप, मॅगी मसाला असे एकेक ओतत जावे लागते, आणि शेवटी ताटात पास्त्याची चव सोडून सगळ्या चवी असतात. इटालियन घरातला हिशेब साधा आहे: १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. चौघांसाठी ३२० ग्रॅम स्पगेटी, साडेतीन लिटरच्या आसपास पाणी आणि ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सहा सपाट चमचे. आकडा पाहून हात आखडतो, पण त्यातले बहुतेक मीठ पाण्यातच राहते. पाणी समुद्राइतके खारट असावे असा सल्लाही सर्रास दिला जातो, तोही चुकीचाच. समुद्राच्या एका लिटरमध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. उत्तनच्या लाटेचे पाणी ज्याच्या तोंडात एकदा गेले आहे त्याला त्यात शिजवलेले अन्न खाववणार नाही हे सांगायला नको. चाखल्यावर पाणी नेहमीच्या आमटीहून थोडे चढे लागले की बस. आणि मीठ कोणते, तर साधे जाडे मीठ. ज्या शहराची ओळख लोकलच्या खिडकीतून दिसणाऱ्या मिठागरांनी पटत असे, त्या शहराने मिठाच्या चमच्याला घाबरू नये.

पाण्याची चणचण असलेल्या घराला साडेतीन लिटर उधळपट्टी वाटेल, आणि ती हरकत रास्त आहे. हॅरल्ड मॅक्गी या अमेरिकी लेखकाने २००९ मध्ये प्रयोग करून दाखवले की याच्या निम्म्याहून कमी पाण्यातही पास्ता नीट शिजतो, फक्त सतत हलवत राहावे लागते. पाणी कमी तर मीठही त्या मानाने कमी. उलट अशा पाण्यात स्टार्च जास्त उतरतो, आणि त्याचा उपयोग पुढे होतो.

इथपर्यंत जे जमते ते बिघडवणाऱ्या तीन सवयी आहेत. पहिली कुकर. शिट्टी मोजून पास्ता शिजवला की तो कधी शिजला हे कळायची सोयच उरत नाही, आणि झाकण उघडेपर्यंत त्याची खीर झालेली असते. दुसरी, उकळत्या पाण्यात तेलाची धार. तेल वर तरंगत राहते, पास्त्याला ते लागतच नाही. तो चिकटू नये म्हणून पहिली दोन मिनिटे हलवणे एवढेच पुरते. तिसरी सवय सर्वांत घातक: शिजलेला पास्ता चाळणीत ओतून त्यावर नळाचे थंड पाणी सोडणे आणि वर तेल चोळून ठेवणे. ज्या पिठूळ साईमुळे सॉस पास्त्याला धरणार असतो ती साय या एका धारेत मोरीत वाहून जाते. मग सॉस घसरतो, आणि तो धरून ठेवायला मैदा-दुधाचा घट्ट व्हाइट सॉस लागतो. व्हाइट सॉसची गरज बहुतेक घरांत अशी नळाखाली जन्माला येते.

हे तत्त्व मिरा-भाईंदरच्या घरांना नव्याने शिकायचे नाही. गुजराती घरात दाल-ढोकळी होते, मराठी घरात वरणफळे किंवा चकोल्या होतात. कणकेचे तुकडे उकळत्या वरणात पडतात, त्यांचे पीठ वरणात उतरते आणि पातळ वरण आपोआप दाट, तुकतुकीत होते. ते तुकडे आधी वेगळे उकडून, धुऊन मग वरणात घालणारी बाई शोधून सापडणार नाही. पास्त्याचे उकळलेले पाणी हेच काम करते. त्यातला स्टार्च तेल आणि टोमॅटोचे पाणी एकमेकांत मिसळून ठेवतो, फुटू देत नाही. म्हणून पास्ता निथळण्याआधी दोन वाट्या पाणी काढून ठेवायचे असते. ज्या हाताला वरणफळांचे गणित कळते त्याला हे गणित कळत नाही असे म्हणणे त्या हाताचा अपमान आहे.

एका ठिकाणी मात्र मराठी हाताला सवय मोडावी लागते, ती फोडणीची. फोडणीला तेल कडकडीत तापते, मग जिन्नस पडतात आणि लसूण तांबूस होईपर्यंत परतला जातो. पोमोदोरोत ही रीत चालत नाही. चार पाकळ्यांचे पातळ काप थंड तेलात घालायचे आणि मगच मंद आच लावायची. पाकळ्यांभोवती बारीक बुडबुडे येतात, वास घरभर पसरतो, कडा फिकट सोनेरी होतात. तिथेच थांबायचे. तपकिरी झालेला लसूण डाळीला शोभतो, टोमॅटोत मात्र तो कडू उतरतो. तेलाबद्दल खोटे बोलण्यात अर्थ नाही: ऑलिव्ह तेलाची चव दुसऱ्या कशाला नाही, आणि नुसत्या लसूण-तेल-मिरचीच्या आल्यो ए ओल्यो स्पगेटीत तेच मुख्य असल्याने तिथे पर्याय शोधू नये. पण टोमॅटोच्या पदार्थात चौघांना पाच-सहा मोठे चमचे लागतात; लहान बाटलीत असे तीन-चार वेळा होते. घाण्याच्या शेंगदाणा तेलातही तो होतो, चव वेगळी येते, वाईट नाही.

टोमॅटोसाठी डबाबंद सान मार्झानो हवेतच हा आग्रह परदेशी पाककृतींतून जसाच्या तसा उचलला गेला आहे. डब्यातला टोमॅटो पिकलेला असतो एवढीच त्याची थोरवी. जुन्नरच्या नारायणगाव बाजारात उतरणारा टोमॅटो मुंबईभर जातो. त्यातला कडक, फिकट माल टाळून पूर्ण लाल, बोटाला थोडा दबणारा निवडला तर काम होते. कच्चे असतील तर दोन-तीन दिवस टोपलीत राहू द्यावेत, फ्रिजमध्ये ठेवू नयेत. साल काढायला उकळते पाणी वगैरे खटाटोप नको. टोमॅटो आडवा अर्धा कापून कापलेली बाजू खिसणीवर घासली की गर खाली पडतो आणि साल पसरट होऊन तळहातात उरते. आठशे ग्रॅमचा गर पाच मिनिटांत निघतो. लसणाच्या तेलात तो ओतायचा, चिमूटभर मीठ घालायचे आणि मध्यम आचेवर पंधरा-वीस मिनिटे आटू द्यायचा. कडेने तेल दिसू लागले की सॉस झाला, आणि ही खूण तर प्रत्येक मराठी रश्शाची आहे. लोखंडी कढई मात्र नको, आंबटाने रंग आणि चव दोन्ही काळवंडतात.

बेझिल म्हणजे तुळस नव्हे. तुळस त्याच कुळातली पण वेगळी जात आहे आणि तिची चव तिखट, औषधी उतरते. बेझिलचे झाड या शहराला दुसऱ्या नावाने माहीत आहे. फालुद्यात भिजवून घालतात त्या सब्जाच्या बिया याच जातीच्या. मूठभर बिया गॅलरीतल्या कुंडीत टाकल्या की काही आठवड्यांत पाने तोडता येतात. जेनोव्हाच्या बेझिलपेक्षा त्यांचा वास थोडा बडीशेपेकडे झुकतो, पण पदार्थाला जो हिरवा श्वास हवा असतो तो ती पाने देतात. शिजवायची नाहीत, हाताने फाडून शेवटी घालायची.

पास्ता पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटे आधी चाखायचा. एक काडी दाताने तोडून पाहिली की मधोमध टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसतो. तो दिसत असतानाच स्पगेटी चिमट्याने उचलून थेट टोमॅटोच्या कढईत घालायची, राखलेले पाणी डावभर सोडायचे आणि आच मोठी करून दोन मिनिटे जोरात घोळायची. आधी सगळे पातळ वाटते. मग अचानक सॉस आवळतो, तळाशी वेगळे पाणी राहत नाही, प्रत्येक काडीवर एक चकचकीत लेप चढतो. हा लेप मलईचा नाही, चीजचा नाही, मैद्याचाही नाही. तो पाणी, तेल आणि स्टार्चचा आहे, आणि फुकट मिळालेला आहे.

व्हाइट सॉस इटालियन नाहीच असे म्हणणे मात्र अतिरेकाचे होईल. दुधा-मैद्याची बेशमेल उत्तर इटलीत लझान्यात आणि भट्टीत भाजायच्या पास्त्यात शेकडो घरे वापरतात. टोमॅटोत मलई घालायचेही प्रकार तिथे आहेत. पण उकळून लगेच खायच्या स्पगेटीवर तो थर द्यायची रीत नाही. ज्या आल्फ्रेदोच्या नावाने मलईचा पास्ता विकला जातो, त्या रोमच्या आल्फ्रेदो दि लेल्यो यांचा पदार्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आणि त्यात लोणी आणि पार्मिजानो चीज एवढेच होते. दाटपणा तिथेही पाण्यातूनच येत असे.

चीजविषयी शाकाहारी घरांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पार्मिजानो रेज्जानो आणि पेकोरिनो रोमानो ही दोन्ही प्रसिद्ध चीजे वासराच्या आणि कोकराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने लावतात. भाईंदरच्या जैन कुटुंबांनी ती नाकारली तर त्यांचा पास्ता कमी इटालियन होत नाही. दक्षिण इटलीत चीज परवडत नसे तेव्हा शिळ्या पावाचा चुरा तेलात खरपूस परतून वर भुरभुरत, आणि ती चाल आजही टिकून आहे. शिळा पाव तर या शहराच्या कोणत्याही घरात असतो.

‘जैन पास्ता’ हा बिघडवलेला पास्ता अशी शेरेबाजीही थांबायला हवी. कांदा इटालियन टोमॅटो-सॉसमध्ये सक्तीचा नाही. लसूण वगळून नुसते तेल, टोमॅटो आणि बेझिल असा पोमोदोरो इटलीत अनेक घरांत होतो. लोण्यातला पास्ता आणि काळी मिरी-चीजचा रोमन काचो ए पेपे यांत कांदा-लसणाचा गंधही नाही, आणि त्यातली मिरी शतकानुशतके मलबारहून रोमला जात आली. जैन पास्ता बिघडतो तो लसूण वगळल्याने नाही, लसणाच्या जागी चार चमचे केचप आणि चीजची लादी घातल्याने. आणि ज्याला तिखट हवे त्याने एक सुकी लाल मिरची तेलात मोडून टाकावी. रोमची आराब्याता अशीच होते, कालाब्रियाच्या स्वयंपाकाची ओळखच मिरचीने आहे.

शहराचे दुसरे टोक, उत्तन-डोंगरी-पालीचे कोळीवाडे, यांच्याकडे तर नेपल्सच्या मोठ्या अभिमानाच्या पदार्थाचा मुख्य जिन्नस आहे. स्पगेटी आल्ले व्होंगोले म्हणजे तिसऱ्यांची स्पगेटी. तिसऱ्या दोन-तीन तास मिठाच्या पाण्यात ठेवल्या की वाळू सोडतात. कोकणी रीतीत त्या कच्च्याच विळीवर फोडतात. इथे लसणाच्या तेलात अख्ख्या टाकून झाकण ठेवायचे, तीन-चार मिनिटांत वाफेने त्या आपणच उघडतात. ज्या उघडत नाहीत त्या फेकून द्यायच्या. खाली सुटलेले पाणी फडक्यातून गाळून घ्यायचे, कारण सगळी चव त्यात असते, आणि मग त्यात स्पगेटी घोळायची. ते पाणी मुळातच खारट असल्याने इथे उकळीत मीठ थोडे कमी घालावे. वर चीज नाही, खोबरे नाही, फक्त चिरलेली पार्सली. ती नसेल तर कोवळी कोथिंबीर चालते, पण अगदी थोडी, कारण ती लगेच वरचढ होते.

राहता राहिली उरलेल्या पास्त्याची तक्रार: गार झाला की गोळा होतो, टाकावा लागतो. नेपल्समध्ये तो टाकत नाहीत. उरलेली स्पगेटी फेटलेल्या अंड्यांत कालवून तव्यावर जाड थापतात, मंद आचेवर एक बाजू खरपूस झाली की ताटलीच्या आधाराने उलटवतात. याला फ्रित्ताता दी मक्केरोनी म्हणतात. गार झाल्यावर त्याचे त्रिकोण कापून लोक समुद्रावर जाताना कागदात बांधून नेतात. रात्री चौघांत एक वाढणी उरली असेल तर दोन अंड्यांत तिचा एक तवा होतो, आणि सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये डबा गरम करायची सोय नसते तिथे तो गारच खायचा असतो.